रंगमालेची परीक्षा नमुना-आलेखावर

१. विषयप्रवेश

कांचीपुरम हे नगर चेन्नईपासून सुमारे पाऊणशे किलोमीटरवर आहे. तेथील रेशमी साड्यांचे एक वैशिष्ट्य असे की, पुष्कळदा साडीचे अंग एका रंगाचे आणि काठ अगदी निराळ्या रंगाचा असतो. काठासाठी वेगळा धोटा वापरून तो अंगाशी गुंफला जातो. अशी साडी घेणारे गिऱ्हाईक केवळ रेशमाच्या लडी पाहून रंग ठरवीत नाही. ते घडी मोडावयास सांगते, पदर पसरून पाहते आणि साडी दुकानाच्या दारापाशी, दिवसाच्या उजेडात नेते. लडीत शोभून दिसलेला पोपटी रंग जांभळ्या अंगाला लागून आला म्हणजे भडक वाटतो, तर लडीत मंद वाटलेला रंग काठावर खुलतो, हे त्यास अनुभवाने ठाऊक असते.

संख्याशास्त्राच्या कामातही नेमका हाच प्रश्न उपस्थित होतो. आज पावसाचे नकाशे, धरणांतील साठ्याचे आलेख, रोगांच्या प्रसाराचे तक्ते, हे सर्व संगणकावर तयार होतात. ते तयार करणारा मनुष्य प्रथम रंगांचा एक संच निवडतो. या संचाला आपण ‘रंगमाला’ म्हणू. बहुतेक वेळी ही निवड रंगांचे चौकोन एका ओळीत पाहून केली जाते. त्या ओळीला आपण ‘रंगपट्टी’ म्हणू. रंगपट्टी म्हणजे रेशमाच्या लडीच होत. त्यांवरून साडी कशी दिसेल हे जसे कळत नाही, तसेच रंगपट्टीवरून आलेख कसा वाचला जाईल हेही कळत नाही.

यास्तव रंगमाला प्रत्यक्ष कामाला लावण्यापूर्वी ती निरनिराळ्या जातींच्या लहान आलेखांवर चढवून पाहावी लागते. अशा आलेखांना ‘नमुना-आलेख’ असे नाव देऊ. ही परीक्षा कशी करावी आणि ती न केल्यास काय गमावले जाते, याचा विचार प्रस्तुत पुस्तिकेत चेन्नईच्या पावसाची व तलावांची उदाहरणे घेऊन केला आहे.

२. रंग शेजारावर अवलंबून असतो

मिशेल शव्हरल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये पॅरिसमधील गोबलँ या विणकामाच्या प्रसिद्ध कारखान्यात रंगखात्याचा प्रमुख झाला. काही रंग, विशेषतः काळा, कापडात निस्तेज दिसतात, अशी तक्रार त्याच्याकडे आली. तपासाअंती त्यास असे आढळले की, रंग चांगला होता. तो निस्तेज दिसण्याचे कारण त्याच्या शेजारी विणलेल्या रंगांत होते. दोन रंग शेजारी ठेवले असता डोळा त्यांतील फरक वाढवून पाहतो, या नियमाचे विवेचन करणारा त्याचा ग्रंथ १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला.

आलेखात हा नियम पदोपदी प्रत्ययास येतो. मध्यम निळ्या रंगाचा तालुका भोवती फिके तालुके असतील तर गडद दिसतो; तोच भोवती गडद तालुके असतील तर फिका दिसतो. नकाशाच्या कोपऱ्यात दिलेल्या सूचीतील निळ्याशी तो जुळवून पाहणारा वाचक मग चुकीच्या वर्गावर बोट ठेवतो.

शेजाराप्रमाणेच क्षेत्रफळाचाही परिणाम होतो. मोठ्या स्तंभावर ठसठशीत दिसणारा फिका पिवळा रंग बारीक रेषेला दिला तर पांढऱ्या कागदावर ती रेषा जवळजवळ नाहीशी होते. उलट बारीक ठिपक्यांना शोभणारा भडक लाल रंग मोठ्या क्षेत्रावर पसरला की बाकीचा आलेख त्याच्यापुढे दिसेनासा होतो. विल्यम क्लीव्हलँड व रॉबर्ट मॅक्गिल या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तर असे दिसून आले की, नकाशातील भडक लाल भाग हे हिरव्या भागांपेक्षा मोठे आहेत असा पाहणारांचा ग्रह होतो. म्हणजे रंगामुळे केवळ शोभा बदलते असे नव्हे, तर मोजमापाचा अंदाजही बदलतो.

३. रंगमालांचे तीन प्रकार

कोणत्याही रंगाचे वर्णन तीन गुणांनी करता येते. तो लाल, पिवळा की निळा, हा त्याचा वर्ण. तो किती भडक किंवा किती राखाडी, ही त्याची संपृक्तता. आणि तो किती काळोखा किंवा किती पांढुरका, हा त्याचा उजळपणा. या तीन गुणांची मांडणी कशी केली आहे, त्यावरून रंगमालांचे तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार क्रमदर्शक रंगमालांचा. हिच्यात उजळपणा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सतत एकाच दिशेने बदलत जातो. पावसाचे प्रमाण, लोकवस्तीची दाटी अशा ‘कमी’पासून ‘जास्त’पर्यंत जाणाऱ्या राशींसाठी ती योग्य होय.

दुसरा प्रकार द्विदिश रंगमालांचा. हिच्या मध्यभागी फिका, तटस्थ रंग असतो आणि दोन्ही बाजूंना दोन भिन्न वर्ण गडद होत जातात. सरासरीपेक्षा कमी व सरासरीपेक्षा जास्त, असा भेद दाखवावयाचा असेल तेव्हा हिचा उपयोग होतो.

तिसरा प्रकार भेददर्शक रंगमालांचा. हिच्यातील रंगांत लहानमोठेपणाचा भाव नसतो. प्रत्येक रंग केवळ एक निराळी वस्तू दर्शवितो. चेन्नईला पाणी पुरविणारे चार तलाव एकाच आलेखात दाखवावयाचे असतील तर अशीच रंगमाला हवी.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील नकाशाशास्त्रज्ञ सिंथिया ब्रुअर यांनी तयार केलेल्या रंगमालांत हेच वर्गीकरण आहे. ‘आर’ या संख्याशास्त्रीय संगणकभाषेत त्यांच्या १८ क्रमदर्शक, ९ द्विदिश आणि ८ भेददर्शक अशा एकूण ३५ रंगमाला उपलब्ध आहेत. ही भाषा न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० नंतरच्या दशकात तयार केली. ब्रुअर यांच्या साधनाचा विशेष असा की, त्यात निवडलेली रंगमाला लगेच एका नमुना-नकाशावर दाखविली जाते. त्या नकाशात काही ठिकाणी रंग क्रमाने लागून येतात, तर काही ठिकाणी ते विस्कळीत ठेवलेले असतात. क्रमाने मांडलेले रंग ओळखणे सोपे असते. विस्कळीत मांडणीतही ते ओळखता आले तरच रंगमाला परीक्षेस उतरली असे समजावे.

४. डिसेंबर २०१५ चा पाऊस : क्रमदर्शक रंगमालेची परीक्षा

महाराष्ट्रात पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर. चेन्नईत मात्र मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतो. तेथे वर्षाला सरासरी सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील निम्म्याहून बराच अधिक भाग या तीन महिन्यांतला असतो.

२०१५ सालच्या नोव्हेंबरमध्ये चेन्नईतील नुंगमबाक्कम येथे १०४९ मिलिमीटर पाऊस झाला. नोव्हेंबर १९१८ मधील १०८८ मिलिमीटरनंतरचा तो सर्वांत मोठा नोव्हेंबर होता. जमीन आणि तलाव असे तुडुंब भरलेले असताना १ डिसेंबर रोजी पुन्हा मुसळधार पाऊस सुरू झाला. २ डिसेंबरच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत तांबरम येथे ४९, चेंबरमबाक्कम येथे ४७, मीनंबाक्कम येथे ३५ आणि नुंगमबाक्कम येथे २९ सेंटीमीटर पावसाची नोंद झाली. अड्यार नदीला महापूर आला आणि तिच्या काठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या.

आता या चोवीस तासांच्या पावसाचा नकाशा काढावयाचा आहे असे समजू. भारतीय हवामान खात्याच्या वर्गीकरणात दिवसाला ७ ते ११ सेंटीमीटर म्हणजे जोरदार, १२ ते २० सेंटीमीटर म्हणजे अति जोरदार आणि २१ सेंटीमीटर वा अधिक म्हणजे अत्यंत जोरदार पाऊस होय. हे वर्ग इशारा देण्यासाठी उत्तम आहेत. परंतु नकाशातील रंगही तेवढेच ठेवले तर काय होते? २९, ३५, ४७ आणि ४९ हे चारही आकडे शेवटच्या वर्गात जातात व चारही ठिकाणांना एकच गडद रंग मिळतो. नुंगमबाक्कम शहराच्या मध्यभागी आहे, तर चेंबरमबाक्कम तलाव वरच्या अंगाला असून त्याचे जादा पाणी अड्यारमध्ये येते. वरच्या अंगाला शहरातल्यापेक्षा दीडपटीहून अधिक पाऊस झाला आहे, ही गोष्ट नदीकाठी राहणाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची होती. तीच त्या नकाशातून पुसली गेली असती.

हा दोष रंगपट्टी पाहून कधीच लक्षात आला नसता, कारण पट्टीतील रंग निर्दोष आहेत. तो कळण्यासाठी नमुना-आलेखात असाधारण मोठी संख्या मुद्दाम घालावी लागते. सर्व संख्या मध्यम असलेल्या नमुन्यावर कोणतीही रंगमाला छान दिसते. परीक्षा घ्यावयाची तर प्रश्न अवघडच हवा.

नमुन्यात आणखी एक गोष्ट अवश्य असावी, ती म्हणजे नोंद नसलेले ठिकाण. पर्जन्यमापक बिघडला किंवा निरीक्षक पोहोचू शकला नाही, तर त्या जागेचा आकडा उपलब्ध नसतो. क्रमदर्शक रंगमालेचे खालचे टोक पांढरे असेल आणि नोंद नसलेली जागाही कोरी सोडली असेल, तर ‘पाऊस पडला नाही’ आणि ‘काय झाले ते ठाऊक नाही’ ही दोन अगदी भिन्न विधाने कागदावर एकच होतात. मोठ्या आपत्तीत तर ज्या भागातून नोंद येत नाही, तोच कदाचित सर्वांत संकटात असतो. म्हणून अशा जागेस रंगमालेत कोठेही न आढळणारा रंग किंवा तिरप्या रेघा द्याव्यात.

५. इंद्रधनुष्याचा मोह

निळा, आकाशी, हिरवा, पिवळा, लाल अशी इंद्रधनुष्याच्या क्रमाची रंगमाला पावसाच्या नकाशांसाठी फार काळ प्रचारात होती. ती आकर्षक असते यात शंका नाही. तिचा दोष समजून घेण्यासाठी एक सोपे गणित करू.

संगणकाच्या पडद्यावरील प्रत्येक रंग लाल, हिरवा व निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणाने होतो आणि प्रत्येकाचे प्रमाण ० ते २५५ या अंकांनी सांगतात. रंगीत चित्राचे कृष्णधवल चित्र करताना सामान्यतः लालाच्या अंकाला ०.३०, हिरव्याच्या अंकाला ०.५९ आणि निळ्याच्या अंकाला ०.११ ने गुणून बेरीज करतात. मानवी डोळा हिरव्या प्रकाशाला अधिक व निळ्याला कमी प्रतिसाद देतो, म्हणून हे गुणक असमान आहेत. आलेली बेरीज म्हणजे त्या रंगाच्या उजळपणाचा स्थूल अंदाज होय.

शुद्ध निळ्यासाठी ही बेरीज सुमारे २८ येते. आकाशी रंगात हिरवा व निळा दोन्ही पूर्ण असल्यामुळे ती १७९ येते. शुद्ध हिरव्यासाठी १५०, लाल व हिरवा मिळून होणाऱ्या पिवळ्यासाठी २२७ आणि शुद्ध लालासाठी ७७. आता हे अंक क्रमाने वाचा : २८, १७९, १५०, २२७, ७७. पाऊस मात्र प्रत्येक पायरीला वाढतच आहे. उजळपणा चढतो, उतरतो, पुन्हा चढतो आणि अखेरीस एकदम कोसळतो.

याचे दोन परिणाम होतात. पहिला असा की, पिवळ्या पट्ट्याच्या जागी डोळ्याला एक ठळक सीमा भासते, जरी तेथे पाऊस सावकाशच वाढत असला तरी. दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. हा नकाशा कृष्णधवल छापला किंवा त्याची झेरॉक्स प्रत काढली, तर सर्वांत जास्त पावसाचा लाल भाग ७७ या अंकामुळे निळ्या व आकाशी यांच्या मध्ये कोठेतरी बसतो. म्हणजे जेथे सर्वाधिक पाऊस, तेथे तो अल्प असल्याचा भास होतो. शाळेत, ग्रामपंचायतीत वा वाचनालयात पोहोचणारी प्रत पुष्कळदा कृष्णधवलच असते, हे येथे विसरता कामा नये.

या दोषांची जाणीव झाल्यावर संगणक-प्रणालींनी आपल्या रूढ रंगमाला बदलल्या. मॅटलॅब या प्रणालीने २०१४ मध्ये इंद्रधनुषी रंगमालेचा रूढ मान काढून घेतला. पायथन भाषेतील मॅटप्लॉटलिब या आलेखसंचासाठी स्टेफान व्हॅन डर वॉल्ट आणि नॅथॅनिएल स्मिथ यांनी २०१५ मध्ये ‘व्हिरिडिस’ ही रंगमाला तयार केली आणि २०१७ च्या आवृत्तीपासून ती रूढ झाली. गडद जांभळ्यापासून निळ्या-हिरव्यातून पिवळ्यापर्यंत जाताना तिचा उजळपणा एकसारखा वाढतो.

पण येथेही सावधगिरी हवी. पांढऱ्या कागदावरील नकाशात गडद म्हणजे जास्त, असे वाचक सहज गृहीत धरतो. व्हिरिडिस जशीच्या तशी वापरली तर कोरडे भाग गडद जांभळे आणि अतिवृष्टीचे भाग लख्ख पिवळे दिसतील. रंगमाला शास्त्रशुद्ध असूनही वाचन उलटे होईल. ती उलट क्रमाने लावली की अडचण दूर होते. मात्र ही अडचण आहे, हे नमुना-नकाशा काढल्यावाचून समजत नाही.

६. सरासरीचा मध्य कोठे असावा?

द्विदिश रंगमालेची परीक्षा घेण्यास चेन्नईचा पाऊस फार उपयोगी आहे, कारण तो अतिशय लहरी आहे. २०१५ च्या महापुरानंतर तीनच वर्षांनी, २०१८ मध्ये ईशान्य मोसमी पावसाने शहराकडे पाठ फिरविली आणि जून २०१९ मध्ये पूंडी, चोळावरम, पुळल व चेंबरमबाक्कम हे चारही तलाव जवळजवळ कोरडे पडले.

प्रत्येक महिन्याचा पाऊस सरासरीपेक्षा किती टक्के कमी किंवा जास्त होता, हे तपकिरी-पांढरा-निळा अशा रंगमालेने दाखवावयाचे आहे असे समजा. पाऊस शून्याखाली जाऊ शकत नाही, म्हणून तूट फार तर उणे १०० टक्के होईल. वाढीला मात्र अशी मर्यादा नाही. नोव्हेंबरची सरासरी सुमारे ४०० मिलिमीटर धरली, तर २०१५ च्या नोव्हेंबरमधील वाढ सुमारे १६० टक्के भरते. संगणकाला वेगळी सूचना दिली नाही, तर तो पुष्कळदा रंगमाला सर्वांत लहान संख्येपासून सर्वांत मोठ्या संख्येपर्यंत ताणून बसवितो. उणे १०० आणि अधिक १६० यांचा मध्य अधिक ३० होतो. परिणामी पांढरा, तटस्थ रंग ३० टक्के जास्त पावसाच्या महिन्याला मिळतो आणि अगदी सरासरीइतका पाऊस झालेला महिना तपकिरी, म्हणजे कोरडा दिसतो.

नमुना-आलेखात बरोबर शून्य असलेला एक चौकोन मुद्दाम ठेवला, की ही चूक तत्काळ उघड होते. तो चौकोन पांढरा दिसला नाही तर रंगमालेची दोन्ही टोके समान अंतरावर, म्हणजे उणे १६० व अधिक १६० वर बांधावीत. तपकिरी बाजूचे गडद टोक वापरात येणार नाही, पण शून्य शून्यावर राहील.

७. चार तलाव, चार रेषा

आता भेददर्शक रंगमालेकडे वळू. वर सांगितलेल्या चार तलावांची साठवणक्षमता पुढीलप्रमाणे धरली जाते : पूंडी ३२३१, चोळावरम १०८१, पुळल ३३०० आणि चेंबरमबाक्कम ३६४५ दशलक्ष घनफूट. बेरीज ११,२५७ दशलक्ष घनफूट. त्यांच्या रोजच्या साठ्याचा रेषालेख काढला तर चोळावरमची रेषा सामान्यतः खाली राहील, पण क्षमता जवळपास सारखी असलेल्या उरलेल्या तिघांच्या रेषा एकमेकींना वारंवार छेदतील. येथे रंगांची खरी परीक्षा छेदबिंदूंपाशी होते. छेदल्यावर कोणती रेषा वर गेली आणि कोणती खाली, हे न अडखळता सांगता आले पाहिजे.

सर्व वाचकांचे डोळेही सारखे नसतात. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन याने १७९४ मध्ये स्वतःच्या दृष्टीतील वैगुण्याचे वर्णन केले. तेव्हापासून रंगांधत्वाचा शास्त्रीय अभ्यास होत आला आहे. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे शंभरातील आठ पुरुषांना आणि दोनशेंतील एका स्त्रीला लाल-हिरव्याचा भेद कमी-अधिक प्रमाणात कळत नाही. भारतातील पाहण्यांत हे प्रमाण बहुधा याहून कमी आढळते, तथापि मोठ्या शाळेत असे विद्यार्थी असणारच. पूंडीची रेषा लाल व पुळलची हिरवी काढली, तर अशा विद्यार्थ्याला आलेख समजला नाही याचा दोष त्याच्या बुद्धीवर येतो, वास्तविक तो आलेख काढणाराचा असतो.

जपानमधील मासाताका ओकाबे आणि केई इतो या शास्त्रज्ञांनी रंगांध व्यक्तींनाही वेगळे ओळखता येतील अशा आठ रंगांचा एक संच सुचविला. ‘आर’ भाषेच्या २०२० मधील चौथ्या आवृत्तीत तो समाविष्ट झाला. हा संच फार विचारपूर्वक केलेला आहे. तरीही त्यातील पिवळा रंग घ्या. त्याचे अंक लाल २४०, हिरवा २२८, निळा ६६ असे आहेत. वरच्या रीतीने त्याचा उजळपणा सुमारे २१४ येतो, तर पांढऱ्या कागदाचा २५५. स्तंभालेखात हा पिवळा चालेल. बारीक रेषेत तो दिसणे कठीण. तज्ज्ञांनी पारखलेली रंगमालासुद्धा आपल्या आलेखाच्या जातीवर पुन्हा पारखावी लागते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

८. परीक्षेची पद्धती

संगणकभाषेत ही परीक्षा करण्याचे तत्त्व प्रयोगशाळेतील तत्त्वाप्रमाणेच आहे : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. येथे बदलणारी गोष्ट रंगमाला, आणि स्थिर ठेवावयाची ती माहिती.

त्यासाठी एक फंक्शन लिहावे. फंक्शन म्हणजे एकदा लिहून ठेवलेली व हवी तेव्हा चालविता येणारी सूचनांची मालिका. त्यास केवळ रंगमाला पुरवावी, आणि त्याने एकाच पानावर लहान लहान नमुना-आलेख काढून द्यावेत. एक नकाशा, एक चौकोनी तक्ता, एक रेषालेख, एक स्तंभालेख आणि एक बिंदूंचा आलेख, एवढे सामान्यतः पुरेत. ‘आर’ भाषेत अशी तयार सोयही आहे. आखिम झायलाइस, कुर्ट होर्निक व पॉल मरेल यांच्या २००९ मधील लेखात वर्ण, संपृक्तता व उजळपणा यांवर आधारलेल्या रंगमालांची मांडणी आढळते. त्यांच्याशी संबंधित ‘कलरस्पेस’ या संचात ‘डेमोप्लॉट’ नावाचे फंक्शन असून ते दिलेली रंगमाला नकाशा, रेषा, स्तंभ, बिंदू इत्यादी नमुन्यांवर चढवून दाखविते. त्याच संचात रंगांध डोळ्यांना रंग कसे दिसतील याचे अनुकरण करण्याची आणि रंगांचे राखाडीत रूपांतर करण्याचीही सोय आहे.

स्वतः फंक्शन लिहिताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

(१) नमुन्याची माहिती यादृच्छिक संख्यांनी केली असेल तर त्यांचे आरंभबीज ठरवून द्यावे. तसे न केल्यास प्रत्येक वेळी निराळा आलेख येईल आणि दिसणारा फरक रंगांमुळे की संख्यांमुळे, हे कळणार नाही.

(२) वर्गांची संख्या प्रत्यक्ष कामात लागेल तेवढीच घ्यावी. चार वर्गांत सुस्पष्ट दिसणारी रंगमाला नऊ वर्गांत ताणली की शेजारचे वर्ग एकमेकांत मिसळतात.

(३) नमुन्यात एक असाधारण मोठी संख्या, एक शून्य आणि एक नोंद नसलेली जागा अवश्य ठेवावी.

(४) प्रत्येक पान तीन प्रकारे पाहावे : मूळ रंगांत, राखाडीत, आणि रंगांध दृष्टीच्या अनुकरणात.

(५) आलेख जेवढ्या आकारात छापला जाईल तेवढ्याच आकारात नमुना काढावा. वर्गातील पडद्यावर दाखवावयाचा असेल तर खिडक्या उघड्या ठेवून पडद्यावरच पाहावा. अशा उजेडात फिके रंग सर्वांत आधी मावळतात.

(६) प्रत्येक पानावर रंगमालेचे नाव छापावे. दहा पाने पाहून झाल्यावर कोणते पान कशाचे होते, हे स्मरणावर सोपवू नये.

शेवटी एक मानवी कसोटी उरते. तयार झालेले पान या विषयाची माहिती नसलेल्या एखाद्या व्यक्तीपुढे ठेवावे आणि तिला दोनच प्रश्न विचारावेत : सर्वांत जास्त पाऊस कोठे झाला? आणि कोठली नोंद नाही? उत्तर चुकले किंवा विलंबाने आले, तर समजावून सांगत बसण्याऐवजी रंगमाला बदलावी. छापलेल्या नकाशाबरोबर समजावून सांगणारा मनुष्य जात नसतो.

९. समारोप

दिसते तसे नसते, ही म्हण रंगांच्या बाबतीत अक्षरशः खरी आहे. रंग हा एकटा कधीच दिसत नाही. तो शेजाऱ्याबरोबर, विशिष्ट क्षेत्रावर, विशिष्ट कागदावर आणि विशिष्ट डोळ्याला दिसतो. म्हणून रंगपट्टीवरून केलेली निवड हा केवळ अंदाज होय. नमुना-आलेखावर केलेली निवड ही परीक्षा होय. या परीक्षेस संगणकावर काही मिनिटे लागतात. ती टाळली तर तांबरम व नुंगमबाक्कम यांतील वीस सेंटीमीटर पावसाचा फरक एका गडद रंगाखाली दडून राहू शकतो, आणि तो फरक जाणण्याची गरज ज्यांना सर्वाधिक असते, ते नदीच्या काठावर राहत असतात.

स्वाध्याय

१. आपल्या गावाच्या वा तालुक्याच्या गतवर्षीच्या बारा महिन्यांच्या पावसाचे आकडे मिळवा. बारा चौकोन आखून ते प्रथम इंद्रधनुष्याच्या रंगांनी आणि नंतर एकाच निळ्याच्या फिक्या-गडद छटांनी रंगवा. दोहोंची झेरॉक्स प्रत काढा व कोणत्या प्रतीवरून सर्वाधिक पावसाचा महिना ओळखता येतो ते पाहा.

२. लाल २५५, हिरवा १२८, निळा ० या नारिंगी रंगाचा उजळपणा कलम ५ मधील रीतीने काढा. तो शुद्ध हिरव्याच्या उजळपणाशी ताडून पाहा. हे दोन रंग कृष्णधवल आलेखात शेजारी वापरणे योग्य ठरेल काय?

३. एखाद्या ठिकाणची सर्वांत मोठी तूट उणे ८० टक्के व सर्वांत मोठी वाढ अधिक १४० टक्के आहे. रंगमाला टोकापासून टोकापर्यंत ताणली तर तटस्थ रंग किती टक्क्यांवर येईल? ती योग्य रीतीने कोणत्या दोन संख्यांमध्ये बांधावी?

४. राखाडी कागदाचे दोन सारखे तुकडे कापून एक काळ्या व एक पांढऱ्या कागदावर चिकटवा. ते सारखे दिसतात काय, हे वर्गातील दहा जणांना विचारून उत्तरांची नोंद करा.